टायपिंगची चूक

"पाच प्रती, मरून बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. शुक्रवारपर्यंत पाहिजे ताई, सरांनी सांगितलंय," असं म्हणत प्रणय लोहकरेनं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला. सकाळचे साडेदहा वाजले असतील. हॉल तिकिटाच्या झेरॉक्स काढायला आलेल्या दोन मुली होत्या, त्यांना मोकळं केलं आणि मी त्याची फाईल उघडली.

माझं दुकान विद्यापीठाच्या मागच्या फाटकाला लागून, आवारातच होतं. विदर्भातलं विद्यापीठ. नाव घेत नाही, कारण तिथली बाकीची माणसं भली होती. दहा बाय आठची खोली, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन आणि वर पाटी: 'अक्षर टायपिंग'. नवरा गेल्यापासून सासू आणि मी याच खोलीवर जगत होतो. चौदा वर्षांत मी किती थिसिस टाईप केले याची गणती नाही. कपाशीवरची बोंडअळी, गोंडी लग्नगीतं, सहकारी पतसंस्था, काय वाट्टेल ते. दहावीला मला गणितात सतरा मार्क होते. पण बोटं चुकायची नाहीत, म्हणून पोरं माझ्याकडेच यायची.

प्रणयच्या फाईलमध्ये पानांचे क्रमांक नीट पडलेत का, ते बघत मी खाली खाली जात होते. एकशे बाराव्या पानावर हात थांबला. तक्ता चार पॉइंट तीन. सहावी ओळ. ८६.१.

कुठल्या आकाशगंगेतला वायू किती वेगानं फिरतो हे मला पाठ असायचं कारण नव्हतं. पण हा आकडा मला पाठ होता, कारण तो चुकीचा होता. आणि ती चूक माझी होती.

त्याच्या तीन वर्षं आधी वैजयंती गेडाम नावाची मुलगी माझ्याकडे थिसिस टाईप करायला यायची. कुरखेड्याच्या पुढच्या जंगलातली. बोलायची कमी. तिची समीकरणं मला जमायची नाहीत, म्हणून ती स्टूल ओढून शेजारी बसायची आणि एकेक चिन्ह सांगायची. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी तीन तास वीज जायची. आम्ही दोघी मग दाराच्या पायरीवर येऊन बसायचो. एकदा सहज विचारलं, "हे एवढे आकडे कशाचे गं?"

तिनं पायरीवरचा खडा उचलला. "ताई, हा दोरीला बांधून गरगर फिरवला, तर त्याला धरून कोण ठेवतं?"

"दोरी."

"आणि दोरीच्या मानानं फार जोरात फिरवला तर?"

"तुटेल. खडा सुटून जाईल."

"आकाशगंगेच्या कडेला वायू असतो. तो इतक्या जोरात फिरतोय की जेवढे तारे दिसतात, तेवढ्यांची ओढ त्याला पुरायलाच नको. सुटून जायला पाहिजे होता. तो सुटत नाही."

"म्हणजे दोरी जास्त मजबूत आहे."

"हो. पण ती दिसत नाही. उजेड देत नाही, अडवत नाही. दिसतं त्याच्या पाच-सहा पट वजन तिथं आहे आणि दुर्बिणीत काही नाही. त्याला डार्क मॅटर म्हणतात."

"कशाचं बनलंय ते?"

"माहीत नाही."

"तुला माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नाही, ताई."

माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक थिसिसच्या शेवटी निष्कर्ष असायचे, एक ते दहा. एवढे शिकलेले लोक 'माहीत नाही' असं छापून देतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्या संध्याकाळी मी भाजीत दोनदा मीठ घातलं.

मग मला नादच लागला. पेपरात कुठे ताऱ्यांचं काही आलं की कात्रण कापून ठेवायचं. इंग्रजी वाचता यायचं, कळायचं निम्मं. फिजिक्सची पोरं झेरॉक्सला आली की त्यांना धरून विचारायचं: ते ग्रहांसारखं गोळा होऊन राहतं की धुरासारखं पसरलेलं? आपल्या या खोलीतपण आहे का? पोरं हसायची. "ताई, तुम्हाला काय करायचंय?" एकदा एकाला मी सुनावलंच. "नळाला पाणी का नाही हे मी विचारलेलं चालतं. जगाचा एवढा मोठा हिस्सा कशाचा आहे, हे विचारायला काय मी दुसऱ्या जगात राहते?" वैजयंती मात्र कधी हसली नाही. तिला माहीत असेल तेवढं सांगायची, नसेल तिथं नाही म्हणायची.

तिचं चौथं प्रकरण मी टाईप केलं तेव्हा सहाव्या ओळीत ८१.६ चं ८६.१ झालं. तिनं कच्च्या प्रिंटवर लाल पेन्सिलीनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, 'ताई, आकडे उलटे पडले!' ती दुरुस्ती करायची राहिली, कारण नंतर ती आलीच नाही. तिचे गाईड डॉ. ठोसर. दोन वर्षं ते तिला परत पाठवत होते. कधी म्हणायचे डेटा कमी आहे, कधी भाषा कच्ची आहे, कधी पुढच्या महिन्यात बघू. तिची मुदत संपत आली आणि एके दिवशी ती हॉस्टेलमधली पेटी उचलून गावी निघून गेली. लाल गोलाचं ते पान माझ्याकडेच राहिलं.

आणि आता प्रणयच्या थिसिसमध्ये तेच प्रकरण माझ्यासमोर होतं. तेच तक्ते, तीच वाक्यं, तोच उलटा आकडा.

"हे चौथं प्रकरण कुणी लिहिलं?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? मीच."

"मग सहावी ओळ बघ. आता खालचा आलेख बघ. ८६.१ चा ठिपका कुठाय?"

त्यानं मान पुढे केली. आलेखातला ठिपका ८१ च्या जरा वर होता. "टायपिंग मिस्टेक असेल ताई. दुरुस्त करून टाका ना."

"कुणाच्या टायपिंगची?"

त्याला प्रश्न कळला नाही. मी कपाटातली फाईल काढली आणि लाल पेन्सिलीचं पान त्याच्यासमोर धरलं. वर कोपऱ्यात वैजयंतीचं नाव होतं. त्याचा चेहरा उतरला.

"सरांनी दिलं," तो हळू म्हणाला. "म्हणाले, हे ग्रुपचं काम आहे, कुणी तरी अर्धवट टाकून गेलं. पहिली तीन प्रकरणं मी स्वतः लिहिलीत ताई. खरंच. घरी सगळ्यांना सांगून बसलोय."

"ती तीन प्रकरणं घेऊन ये, मी छापून देते. हे नाही छापणार."

मी पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतः ठोसर आले. चौदा वर्षांत ते माझ्या दुकानात दोनदाच आले होते, त्यातली ही दुसरी वेळ.

"खंडारेबाई, तुम्ही प्रबंध कधीपासून तपासायला लागलात?"

"तपासत नाही सर. टाईप करताना दिसतं."

"दिसतं ते टाईप करायचं. तुम्हाला त्यातलं कळतं काय?"

"निम्मं."

"निम्मं!" ते हसले.

"निम्म्यात तो आकडा आला, सर."

हसू गेलं. "ही खोली विद्यापीठाची आहे. दर वर्षी परवानगीचं पत्र निघतं. ते देणाऱ्या समितीवर कोण आहे, माहीत आहे ना?"

"तुम्हीच आहात."

"मग?"

"मग नाही छापणार."

जाताना ते काउंटरवर वाकले आणि एक वाक्य अगदी हलक्या आवाजात बोलले. त्या दिवशी मी दुकान चारलाच बंद केलं.

प्रणयनं थिसिस गावातल्या दुसऱ्या दुकानातून छापून घेतला. मी विभागाला तक्रारीचा अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला, उत्तर आलं नाही. परत दिला, परत क्रमांक. शेवटी एका रविवारी मी एसटीनं वैजयंतीकडे गेले. दोन गाड्या बदलून सहा तास. ती आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होती. अंगणात तारेवर पोरांचे गणवेश वाळत होते. तिनं कोरा चहा केला आणि मी तिला प्रणयच्या थिसिसचं सांगितलं.

"राहू द्या, ताई," ती म्हणाली.

"राहू द्या काय? तुझं आहे ते."

"आकाशगंगा काय माझ्या नावावर आहे? कुणी का छापेना, आकडा खरा असला म्हणजे झालं."

"पण खरा नाही ना! तोच तर खोटा छापलाय मेल्यांनी!"

ती खळखळून हसली. मी तिला तशी हसताना आधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "तुमचं दुकान घालवतील ते. नका काही करू. मी विसरले ते सगळं."

भिंतीवर खडूनं काढलेली आकाशगंगा होती. मी तिकडे बघत राहिले. एक गोष्ट तिला सांगायची म्हणून मी सहा तास गाडीत बसून गेले होते. ती न सांगताच परत आले.

प्रणयची व्हायव्हा सहा महिन्यांनी लागली. पीएच.डी.ची व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, खुली असते, कुणीही जाऊन बसू शकतं. फाटकावर नोटीस डकवायला शिपाई आला, तो डिंक माझ्याकडूनच घेऊन गेला. त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं, इस्त्रीची साडी नेसले आणि लाल पेन्सिलीचं पान पिशवीत घालून फिजिक्सच्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ठोसरांनी मला पाहिलं. पंचवीसेक माणसं होती. टेबलामागे पुण्याहून आलेल्या एक्स्टर्नल परीक्षक बसल्या होत्या, डॉ. कालिंदी वर्तक. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा.

प्रणय तासभर बोलला. बरं बोलला. पहिल्या तीन प्रकरणांवर तर छानच. मग वर्तकबाईंनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?"

मी उभी राहिले. पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तक्ता चार पॉइंट तीन. सहाव्या ओळीत ८६.१ आहे. आलेखात तो ठिपका ८१.६ वर आहे. त्या आकाशगंगेत तिथं वायूचा वेग नक्की किती आहे?"

सगळे मागे वळले. कुणी तरी "अरे, ही टायपिंगवाली ताई" असं पुटपुटलं आणि दोन-तीन जण हसले.

"या विभागातल्या नाहीत," ठोसर म्हणाले. "बाई, बसा तुम्ही."

"व्हायव्हा खुली आहे," वर्तकबाई म्हणाल्या. "आणि हाच मुद्दा मी माझ्या अहवालात लिहिला होता. टायपिंगची चूक, असं उत्तर आलं होतं मला."

"तीच आहे," ठोसर म्हणाले. "साधी टायपिंगची चूक."

"बरोबर आहे, मॅडम," मी म्हणाले. "टायपिंगची चूक आहे आणि ती मी केलेली आहे. पण या थिसिसमध्ये नाही. हा थिसिस मी टाईप केलेलाच नाही. साडेतीन वर्षांपूर्वी वैजयंती गेडाम नावाच्या मुलीच्या थिसिसमध्ये केली होती."

मी पुढे गेले आणि पान टेबलावर ठेवलं. वर्तकबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. नाव वाचलं, तारीख वाचली, लाल गोल पाहिला. मग प्रणयचा थिसिस उघडून पान शेजारी ठेवलं आणि दोन्हीवर बोट फिरवत ओळ न् ओळ ताडून पाहिली. प्रणयनं मान खाली घातली होती.

"त्या मुलीची फाईल यांच्यापर्यंत आली कशी?" त्यांनी विचारलं.

ठोसर माझ्याकडे बघत होते. दुकानात वाकून ते जे बोलले होते ते हेच: "फाईल मला तुम्हीच दिलीत, बाई. बुडालो तर दोघं बुडू."

"मी दिली," मी म्हणाले.

वर्तकबाईंनी पेन खाली ठेवलं.

"ती गावी गेल्यावर आठवड्यानं सर दुकानात आले. म्हणाले, तिचं काम विभागात जपून ठेवायचंय, सीडी करून द्या. मी करून दिली. तिला विचारलं नाही. एक पत्र टाकता आलं असतं, तेही टाकलं नाही. एवढे मोठे साहेब दुकानात आले, याचंच मला अप्रूप वाटलं. तेव्हा चुका दोन आहेत मॅडम, एक आकड्याची आणि एक ही. दोन्ही माझ्या. पण पहिल्या पानावरचं नाव मी बदललेलं नाही."

ठोसर उठून उभे राहिले. "ही बाई बारावीसुद्धा नाही! हिच्या बोलण्यावर तुम्ही—"

"बारावी नाही, सर," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. "पण हा तक्ता मी रोज रात्री डोळ्यांसमोर आणलाय. तुम्हाला ती सहावी ओळ एकदा तरी वाचावीशी वाटली का? त्या पोरीनं एक एक आकडा तपासला. तुम्ही चोरून घेतलं आणि वाचलंसुद्धा नाही!"

वर्तकबाईंनी थिसिस मिटला. "आजची परीक्षा मी थांबवते," एवढंच त्या म्हणाल्या आणि लाल गोलाचं ते पान माझ्याकडे परत न देता स्वतःच्या फाईलमध्ये ठेवलं.

चौकशी वर्षभर चालली. चौकशीसमोर प्रणयनं सगळं खरं सांगितलं. त्याला पुन्हा नवीन प्रकरण लिहायला लावलं. आता तो कुठल्याशा कॉलेजात शिकवतो आणि भेटला की नमस्कार करतो. ठोसरांची गाईडशिप गेली, पण निवृत्तीला त्यांचा सत्कार झालाच. आणि माझ्या परवानगीचं पत्र त्या वर्षी निघालं नाही. व्हायव्हानंतर महिन्याभरात नोटीस आली: एकतीस तारखेला पाच वाजेपर्यंत जागा रिकामी करावी.

एकतीस तारखेला दुपारी मी टेम्पो बोलावला. झेरॉक्स मशीन चढवलं, कपाट चढवलं. एक कॉम्प्युटर टेम्पोत गेला होता, दुसऱ्याच्या वायरी काढत होते, तेवढ्यात रिक्षातून वैजयंती उतरली. खांद्याला शबनम, केसांत प्रवासाची धूळ.

"वर्तकमॅडमचं पत्र आलं," ती म्हणाली. "मी नको म्हटलं होतं ना तुम्हाला?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

मी वायर खाली ठेवली. "तुझी फाईल त्यांना मी दिली होती, वैजयंती. तुझ्याकडे आले होते ते हेच सांगायला. तोंड उघडलं नाही."

ती पायरीवर बसली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "दुसरीकडे ती फाईल होतीच कुठे? त्या दिवशी तुम्ही पानाबद्दल सांगायला लागलात तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? या गावात मला बसायला एवढीच एक पायरी होती." तिनं डोळे पुसले नाहीत, नुसती जोरात नाक ओढून सरळ बसली. "राग आला होता तुमचा. अजून आहे. एवढ्या लवकर जायचा नाही."

"असू दे," मी म्हणाले. "असायलाच पाहिजे."

तिनं शबनममधून दोनशे पानी वही काढली. वर आश्रमशाळेचं खाकी कव्हर घातलेलं. "चौथं प्रकरण ते घेऊन गेले. पाचवं त्यांच्याकडे नव्हतं, कारण ते मी लिहिलंच नव्हतं. ते तिकडे लिहिलं, पोरं झोपल्यावर. विसरले म्हणाले होते ना, खोटं होतं ते. वर्तकमॅडम म्हणतात, त्यांच्याकडे नाव नोंदव, पण आधी टाईप करून पाठव. कराल?"

मी वही उघडली. समीकरणांच्या रांगाच रांगा, आणि मधून मधून समासात बारीक अक्षरात: 'हे अजून कळत नाही.' 'हे कळत नाही.' 'हे का?' पुढे ती डॉक्टर व्हायला चार वर्षं गेली. मी घरच्या ओसरीवर टेबल टाकून तिचा सगळा थिसिस टाईप केला, आणि तिच्या कामानं डार्क मॅटर कशाचं आहे ते कुणाला कळलं असं नाही. ते आजही कळलेलं नाही. पण ते नंतरचं.

त्या वेळी घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. इस्टेट विभागाचा क्लार्क कुलूप घेऊन दारात येऊन उभा होता. टेम्पोवाला हॉर्न देत होता.

"बाई, आटपा," क्लार्क म्हणाला.

"पाचला अजून पन्नास मिनिटं आहेत," मी म्हणाले. काढलेली वायर परत खोचली, मॉनिटर जमिनीवरच ठेवला, कागदांच्या गठ्ठ्यावर बसले आणि वैजयंतीसाठी शेजारी दुसरा गठ्ठा सरकवला. "तुम्हाला थांबायचं तर थांबा. सांग गं. पाचवं प्रकरण, पान पहिलं."